गुलाबी खांबांच्या वाटेवर स्नोशूज घालून चालायचे आहे. खुणा पुरेशा आहेत का?

येऊरकरीण, ठाणे (पश्चिम)
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी मुलीकडे झुरिकला जाणार असून, त्या मुक्कामात एक दिवस स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे पसरट तळवे) घालून डोंगरातील आखलेल्या वाटेवर चालण्याचा आम्हा दोघींचा विचार आहे. माझे वय ५४ आहे. दर रविवारी येऊरला चालते आणि कळसूबाई दोनदा केले आहे, मात्र बर्फावर आजवर पाऊल ठेवलेले नाही. तिकडे अशा वाटांवर गुलाबी पाट्या आणि खांब असतात, त्यामुळे वाटाड्याची गरज नाही, असे मुलीचे म्हणणे आहे. आपल्याकडे किल्ल्यावर दगडांवरील बाणांच्या भरवशावर एकदा भलत्याच घळीत उतरले असल्याने मला तेवढ्यावर निर्धास्त राहवत नाही. काय काळजी घ्यावी आणि माझे पावसाळी ट्रेकचे बूट चालतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पांडवकडा, खारघर
नोकरीनिमित्त मी त्या भागात तीन हिवाळे काढले आहेत, त्या आधारे लिहितो. मुलीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. गुलाबी खुणांची वाट हिमस्खलनाचा विचार करूनच आखलेली असते आणि धोका वाढला की बंद केली जाते; मात्र त्यासाठी ती खुली आहे की नाही, हे निघण्यापूर्वी स्थानिक पर्यटन कार्यालयाकडून पाहून घ्यावे लागते. त्याचबरोबर दावोसच्या हिमस्खलन संशोधन संस्थेचे पत्रक वाचावे. हिवाळ्यात ते रोज संध्याकाळी ५ वाजता प्रसिद्ध होते आणि त्यात धोक्याच्या १ ते ५ पायऱ्या दिलेल्या असतात. ३ हा आकडा मधला, म्हणजे धोका बेताचाच, असे आपल्याला वाटते आणि तिथेच फसगत होते. तिकडच्या हिमस्खलनातील मृत्यूंपैकी जवळपास निम्मे ३च्या दिवसांतले असतात. त्या दिवशी तुम्ही दरीतल्या सपाट वाटेवर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा बर्फ पडून वारा सुटला असेल, तर ३० अंशांहून अधिक चढाच्या उतारापासून दूर राहावे, आणि हे पायाखालच्या उताराइतकेच डोक्यावरच्या उतारालाही लागू आहे, कारण वरून सुटलेला बर्फ सपाटीपर्यंत येऊ शकतो.

तुमच्या घळीच्या अनुभवाशी जुळणारी चूक बर्फात पावलांच्या ठशांमुळे होते. ठसे स्कीवाल्याचे असू शकतात आणि त्याला भलतीकडेच जायचे असते. एका खांबापासून पुढचा खांब दिसेनासा झाला, तर ठशांमागे न जाता आल्या वाटेने परतावे. वाट सोडू नये याला आणखी एक कारण आहे: हिवाळ्यात तिथली हरणे व रानकोंबडे मोजक्या शक्तीवर तग धरून असतात, आणि त्यांच्यासाठी राखलेल्या काही भागांत वाटेबाहेर पाऊल टाकण्यास बंदी असते.

खाडीकाठ, ऐरोली
बूट घोट्याच्या वर येणारे, जलरोधक आणि कडक तळव्याचे असतील तर चालतील. जाळीचे पावसाळी बूट मात्र घरीच ठेवा. आत सुती बनियन घालू नका, कारण घामाने भिजलेले सूत थांबल्याबरोबर अंग गारठवते. निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर असावेत, हे आपल्याला पटायला जड जाते. चालताना आधाराला घ्यायच्या काठ्यांच्या टोकाला मोठ्या चकत्या हव्यात, म्हणजे त्या बर्फात रुतत नाहीत. जानेवारीअखेर सूर्य पाचच्या थोडा नंतर मावळतो, आणि दरीत सावली त्याच्या बरीच आधी येते. म्हणून दुपारी २ पर्यंत परतीला लागावे आणि हेडलॅम्प सोबत ठेवावा. फोन आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. तिकडच्या हेलिकॉप्टर बचावसेवेचा क्रमांक १४१४ आहे.

येऊरकरीण, ठाणे (पश्चिम)
दोघांचेही आभार. पत्रकात ३ दिसल्यास बेत रद्द, असे मुलीला कळवले आहे. ती रुसली आहे, पण मानेल. आणखी एक शंका: स्नोशूज भाड्याने देणाऱ्या दुकानात वजन विचारतात म्हणे, ते कशासाठी?

पांडवकडा, खारघर
वजनानुसार स्नोशूजचा आकार ठरतो, कारण पसरट तळव्यावर भार वाटला गेला तरच पाऊल खोल रुतत नाही. तेव्हा पाठीवरची पिशवी, थर्मास आणि अंगावरचे कपडे धरून वजन सांगा. दुकानाबाहेर दहा मिनिटे चालून पाहा. पाय थोडे फाकवून टाकायचे असतात, नाहीतर स्वतःच्याच स्नोशूवर पाऊल पडून माणूस तोंडघशी पडतो. मागे वळायचे असेल तेव्हा उलट्या पावली न जाता लहानसा फेरा घ्या.