महापालिकेकडून रस्त्याच्या कामाची कागदपत्रे कशी मागावीत?

प्रश्न: आमच्या प्रभागातील रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची माहिती माहिती अधिकारात मागितली असता ‘मागणी मोघम आहे’ असे उत्तर आले. अर्ज नेमका कसा लिहावा?

उत्तर १: ‘संपूर्ण माहिती द्यावी’ असे न लिहिता कामाचे नाव व आर्थिक वर्ष नमूद करून कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा आदेश), अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि देयके यांच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. ‘का’ विचारणे टाळावे, कारण अभिलेखात असलेली माहितीच मिळते, खुलासा नव्हे. मागणीचे कारण मात्र सांगावे लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(२) पाहावे.

उत्तर २: सहमत आहे, पण कोणता कागद कोणत्या नस्तीत (फाईलमध्ये) आहे हेच ठाऊक नसेल, तर आधी अभिलेखाची पाहणी मागावी आणि पाहणीत खुणावलेल्या पानांच्याच प्रती घ्याव्यात. माझ्या मते हा मार्ग फार कमी लोक वापरतात. विलंब झाल्यास, ३० दिवसांची मुदत उलटल्यावर माहिती विनाशुल्क द्यावी लागते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आता अपील करावे की नवा अर्ज?

उत्तर १: सुधारित अर्ज लगेच द्यावा, पहिल्या अपिलासाठी उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस असतात, तेही सोडू नये.