अनुभव धागा : मन खचलेलं असताना विश्वास धरून ठेवायला नेमकं काय कामी येतं?

बायबल उघडवत नाही, प्रार्थनेला बसलं तर शब्द सुचत नाहीत, अशा दिवसांसाठी हा धागा. आपबिती नको. दुसऱ्या कुणाला उद्या सकाळी करता येईल असं काही लिहा. कुठे चुकतं तेही सांगा.

प्रतिसाद १
शब्द सुचत नसतील तर उसने घ्यावेत. बायबलातल्या स्तोत्र १३ पासून सुरुवात करा, सहाच वचनं (ओळी) आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. मोठ्याने वाचा. दुसऱ्या वचनापाशी थांबून आपली तक्रार वहीत तीन-चार ओळींत लिहा, आणि नेमकी लिहा: थकलेलं कर्ज, भावाने टाकलेलं बोलणं, रिपोर्टची वाट. ‘सगळंच बिघडलंय’ असं मोघम लिहिलं की मागणंही मोघम होतं आणि महिन्याभराने काय बदललं ते कळत नाही.

बहुतेक जण तक्रार गाळून थेट पाचव्या वचनावर जातात, कारण कुरकुर म्हणजे अविश्वास असं मनात पक्कं बसलेलं असतं. मग स्तुती ओठांवरच राहते. भरवशाची वचनं मनातून येत नसतील तर नुसती वाचा. त्यात ढोंग नाही. तुमच्या वाटचा भरवसा त्या दिवशी मंडळी, म्हणजे चर्चमधले सोबती, धरून असते.

तेही जड गेलं तर स्तोत्र ८८. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि मला ही फार मोठी दया वाटते.

प्रतिसाद २
आधी जेवण आणि झोप. बायबलातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा अध्याय १९ वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो. एलीया खातो, परत झोपतो, दूत पुन्हा उठवून खायला लावतो. होरेब पर्वताची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. उपाशीपोटी, रात्र रात्र जागून केलेला उपास-प्रार्थनेचा निश्चय अशा काळात माणसाला आणखी खाली नेतो.

प्रतिसाद ३
रोज एकच स्तोत्र, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं. वर्षात अख्खं बायबल वाचायची योजना आत्ता नको. चार दिवस मागे पडलात की त्याचाच दोष लागतो. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, आजच्या स्तोत्रावर यायचं.

प्रतिसाद ४
भेटायला जाणाऱ्यांसाठी. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं) खरं आहे, पण ताज्या जखमेवर ते ऐकवू नका. ‘काही लागलं तर सांगा’ असंही नको. खचलेला माणूस सांगत नाही. ‘रविवारी साडेआठला चर्चला न्यायला येतो, मागच्या बाकावर बसू, गायचं नसेल तर गाऊ नकोस’ असं ठरवूनच बोला. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला.

प्रतिसाद ५
दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष गेलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा. चालू गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. चर्चच्या पाळकांना सांगायचं, पण डॉक्टरऐवजी नव्हे, डॉक्टरसोबत.

प्रतिसाद ६
बायबलातल्या विलापगीत या पुस्तकातलं ‘दया रोज सकाळी नवी होते’ हे वचन कॅलेंडरवर सुटं वाचू नका. अध्याय ३ पहिल्या वचनापासून ४८ पर्यंत वाचा, पाचेक मिनिटं लागतात. अठराव्या वचनात आशा संपल्याचं कवी म्हणतो. एकविसाव्यात मुद्दाम काही आठवतो आणि तिथून आशा धरतो. अठ्ठेचाळिसाव्यात पुन्हा रडतो. म्हणजे आशा आल्यावर परत रडू आलं तर विश्वास घसरला असं समजायचं कारण नाही.

आठवायला काही हाताशी हवं. बऱ्या दिवसांत एका कार्डावर तीन गोष्टी तारखेसह लिहा, जिथे देवाने सांभाळलं असं तुम्हाला खरंच वाटलं होतं. कार्ड बायबलात, विलापगीत ३ च्या पानावर ठेवा.