ओतेलला वाडा म्हणायचं का?

अनुवादवाली: एका प्रवासलेखाचं भाषांतर करतेय आणि अडकलेय. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात 'ओतेल दासेझा' आहे, पिएर दासेझा नावाच्या व्यापाऱ्याने १५५५ मध्ये बांधायला घेतलेलं राहतं घर. मी आधी सरळ हॉटेल लिहिलं, तर मावसबहीण म्हणे तिथे मिसळ मिळते का. 'वाडा' चालेल?

चौकोनी_चिरा: बिनधास्त लिहा. मी बघून आलोय, दारातून आत गेलं की चौक, एका भिंतीला कोरीव दगडी आधारांवर तोललेला सज्जा, कोपऱ्यात जिन्याचा बुरूज. फक्त सागवान नाही, सगळी लालसर वीट आणि तिच्यात पांढरट दगड. भिंतीला जुन्या ग्रीक शैलींच्या खांबांच्या जोड्या आहेत, तळाला डोरिक, वर आयोनिक, त्याच्यावर कोरिंथियन, मान दुखेपर्यंत बघत बसलो. बायको तोवर आतलं चित्रसंग्रहालय बघून आली पण.

शुद्धमती: वाडा म्हटलं की पेशवाई आठवते. 'नगरप्रासाद' का नको?

तिरपागडा: नगरप्रासाद हे मंगल कार्यालयाचं नाव वाटतं हो. हवेली लिहा.

शुद्धमती: हवेली अरबी आहे.

तिरपागडा: मग आम्ही हवेली तालुक्यातले काय उंटावरून आलो?

माणदेशी: आमच्याकडं वाडा म्हणजे मेंढ्या बसवायची जागा. मुळात कुंपण घातलेली जागा ती, संस्कृत 'वाट'वरून, पेशव्यांचा काय संबंध. आणि ओतेलचं मूळ लॅटिन होस्पिताले, हॉस्पिटल पण त्यातलंच. तुलूझलाच 'ओतेल-द्यू' म्हणजे जुनं रुग्णालय, आणि 'ओतेल द व्हील' म्हणजे आपली नगरपालिका, त्यांना पण वाडा म्हणणार का?

अनुवादवाली: नाही, तिथे अर्थाप्रमाणे लिहीन. पुढचा घोळ ऐका. हा दासेझा 'पास्तेल'चा व्यापारी, पण पास्तेल म्हणजे रंगीत खडू नाही, ते एक रोप, त्याच्या पानांपासून निळा रंग करायचे आणि तुलूझचे शेठ त्यावरच गब्बर झाले. 'निळीचा व्यापारी' लिहू?

चौकोनी_चिरा: नको ना! नीळ हे आपल्याकडचं झाड, आणि तीच युरोपात गेल्यावर पास्तेलचा बाजार बसला. शत्रूचंच नाव लावताय त्या बिचाऱ्याला. आधीच प्रॉटेस्टंट झाला म्हणून शहर सोडावं लागलं होतं.

तिरपागडा: पास्तेलची पानं वाटून गोळे करायचे, त्यांना 'कोक' म्हणत, त्यावरून फ्रेंच गोष्टींतला तो सुबत्तेचा काल्पनिक देश 'कोकान्य'. बघा, कोकण!

माणदेशी: काहीही. कोकान्य हा शब्द १३ व्या शतकातल्या फ्रेंच कवितेत आहे, पास्तेलचे शेठ नंतरचे. गोळ्यांची गोष्ट मागनं जुळवलेली. कोकणाबद्दल तर बोलायलाच नको.

शुद्धमती: रंग एकच निघतो ना, मग निळीला हरकत काय? माझी आजी दर रविवारी धोतरांना नीळ घालायची.

चौकोनी_चिरा: ती पुडीतली नीळ अल्ट्रामरीन, झाडाची नव्हे.

अनुवादवाली: अहो पण वाडा ठेवू का? उद्या सकाळी द्यायचंय.

माणदेशी: धोतराला नीळ 'देतात' हो. घालत्यात ते खत.

शुद्धमती: आमच्याकडे घालतातच. तुमच्याकडे खळ पण 'देतात' का?