'शालेय सज्जता' की 'शाळेसाठीची तयारी'?

प्रश्न : बालशिक्षकांसाठी असलेल्या एका निरीक्षण-पुस्तिकेचे मी मराठी करत आहे. 'स्कूल रेडिनेस' या संज्ञेसाठी माझ्यापुढे 'शालेय सज्जता', 'शालेय परिपक्वता' आणि 'शाळेची तयारी' असे तीन पर्याय आहेत. शिवाय 'असेसमेंट'साठी काही जण 'आकलन' लिहितात, ते योग्य आहे का?

उत्तर : 'परिपक्वता' प्रथम बाजूला ठेवावी. या शब्दामागे एक विशिष्ट मत उभे आहे. अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञ आर्नल्ड गेझेल यांनी विकासाचा क्रम मुख्यतः आतून, वयाबरोबर उलगडतो असे मानले, आणि तेवढेच धरले तर शिक्षकाच्या हाती वाट पाहण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. 'सज्जता' शब्द चांगला आहे, पण सज्ज असते ते सैन्य किंवा जहाज, आणि ते सज्ज असते किंवा नसते. तयारीबद्दल मात्र आपण सहज विचारतो, 'तयारी कुठवर आली?' बालशिक्षकाला मुलाविषयी नेमके हेच विचारायचे असते, म्हणून माझा कौल 'तयारी'ला आहे.

तरीही दोन ठिकाणी सांभाळावे लागेल. 'मूल तयार आहे' असे लिहिले तर ते चलाख आहे, असा अर्थ निघतो. 'तयारी करून घेणे' म्हटले की परीक्षेची घोकंपट्टी आठवते आणि शिक्षक अक्षरे गिरवून घेण्याकडे वळतात. प्रत्यक्षात ही संकल्पना कितीतरी रुंद आहे. अमेरिकेत 1990 च्या दशकात राष्ट्रीय शैक्षणिक उद्दिष्टांच्या संदर्भात तिची पाच अंगे मांडली गेली : शारीरिक स्वास्थ्य व कारक (हालचालींचा) विकास, सामाजिक-भावनिक विकास, शिकण्याकडे पाहण्याची वृत्ती, भाषा, आणि बोध व सामान्य ज्ञान. अक्षरओळख हा यातला लहानसा भाग आहे.

'शाळेची तयारी'मधील षष्ठी मला फार मोलाची वाटते, कारण ती तयारी मुलाची की शाळेची, हे ती उघडे ठेवते. युनिसेफने 2012 मध्ये मांडलेल्या चौकटीत मुलांची, शाळांची आणि कुटुंबांची अशी तिहेरी तयारी अपेक्षित आहे. मुलापुरते बोलताना 'शाळेसाठीची तयारी' लिहावे. 'शाळेची तयारी' हे शब्द शाळेने स्वतः करायच्या तयारीसाठी राखून ठेवावेत.

'आकलन' मात्र टाळावेच. हिंदीत त्याचा अर्थ अजमावणे असा होतो, मराठीत समजणे असा. 'या मुलाचे आकलन अपुरे आहे' असे लिहिणाऱ्याला मूल्यमापन अपुरे राहिले असे म्हणायचे असेल, पण पालक वाचतील ते असे की आपल्या मुलाला समजत नाही. रोजच्या कामासाठी 'निरीक्षण व नोंद' पुरेसे आहे, औपचारिक टप्प्यावर 'मूल्यमापन' वापरावे.

प्रश्नकर्ता : नोंदीचा नमुना मराठीत कसा असावा, आणि 'सपोर्ट'ला 'मदत' चालेल का?

उत्तर : 'कात्री वापरता येत नाही' ही नोंद तिथेच थांबते. 'दोन्ही हातांनी कात्री उघडते. कागद दुसऱ्याने ताणून धरला तर रेषेवरून कापते' या नोंदीत उद्या काय करायचे तेही आले आहे. एकट्याला जमणारे आणि सोबतीने जमणारे यांमधल्या ज्या पट्ट्याकडे मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी लक्ष वेधले, तो या पूर्णविरामानंतरच्या शब्दांत दिसतो. म्हणून पुस्तिकेतील 'येत नाही'ने संपणारी प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन.

'मदत' म्हटले की कागद कापून देणेही त्यात बसते. 'आधार' म्हटले की कापणारे हात मुलाचेच राहतात. वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये अशा आधारासाठी बांधकामातला 'स्कॅफोल्डिंग' हा जो शब्द रूढ केला, त्याला आपल्याकडे 'परांची' हा नेमका प्रतिशब्द आहे. भिंत उभी राहिली की परांची उतरवतात, हा अर्थही त्यात येतो. प्रशिक्षणात तो एकदा समजावून सांगावा आणि पुस्तिकेत 'आधार'च ठेवावा. फक्त 'आधार काढून घेणे' असे लिहू नये, कारण मराठीत त्याला पोरके करण्याची छटा आहे. 'आधार हळूहळू कमी करत नेणे' असे लिहावे.