सेलेनियमचं खत एकदा टाकलं की तीन वर्षं पुरतं? (कोकण, भात) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राहायला मुलुंडला, शेती माणगावजवळ. सव्वा एकर भात, मागाहून त्याच ओलाव्यावर वाल. कसतो चुलतभाऊ, मी लावणी-कापणीला तोंड दाखवतो आणि एरवी फोनवरून अक्कल शिकवतो.

गेल्या आठवड्यात त्याला एका खतविक्रेत्याने गाठलं. म्हणे, सेलेनियमवालं खत (सेलेनियम म्हणजे शरीराला अगदी थोडं लागणारं, जास्त झालं तर बाधणारं मूलद्रव्य) एकदा टाका, तीन वर्षं बघायला नको. तांदूळ पौष्टिक म्हणून मुंबईत चढ्या भावाने जाईल. भाऊ हुरळलाय. मी बिचकलोय. २०२५ मध्ये शेगावकडच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं, ते डोक्यातून जात नाही.

थोडं वाचलं. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे काही जमिनींत मुळातच सेलेनियम जास्त. तिथे जिप्सम टाकलं की पीक ते कमी उचलतं, कारण जिप्सममधलं सल्फेट आणि सेलेनेट (सेलेनियमचं मातीतलं एक रूप) मुळांत एकाच वाटेने शिरतात. फिनलंडमध्ये उलट, जमिनीत कमी. म्हणून १९८४ पासून ते खतातच मिसळतात. पण दरवर्षी! तीन वर्षं पुरत असतं तर त्यांनी कशाला एवढा खटाटोप केला असता?

आमची माती तांबडी, आम्लधर्मी. टाकलेलं सेलेनियम जातं कुठे? आणि साठत गेलं तर पुढे वालात उतरेल का?

प्रतिसाद १
तीन वर्षं विसरा. सेलेनेट पाण्यात विरघळतं. थोडं पहिल्याच पिकात जातं, काही पावसाबरोबर वाहून. उरलेलं पाणी तुंबलेल्या खाचरात हवेअभावी सेलेनाइट (सेलेनियमचं दुसरं रूप) होतं, ते तांबड्या मातीतलं लोह घट्ट धरून ठेवतं. त्याहीपुढे नुसतं सेलेनियम, म्हणजे मूलद्रव्यरूप झालं की मुळांना जवळजवळ निरुपयोगी. वालाच्या वेळी शेत सुकलं, हवा लागली की थोडं सुटं होतं, पण सावकाश. चुना टाकता का? त्याने लोहाची पकड सैल होते. साठा मातीत असणं वेगळं, पिकाला मिळणं वेगळं.
पिशवीवर सेलेनेट आहे की सेलेनाइट आणि किती, ते आधी बघा. मात्रा हेक्टरी ग्रॅममध्ये असते, किलोत नव्हे. नेहमीच्या माती परीक्षणात हे येत नाही, वेगळं सांगावं लागतं.

धागाकर्ता
आभार! चुना टाकतो, दोन वर्षांआड. पिशवीचा फोटो मागवला. त्यावर नुसतं 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' लिहिलंय आणि शेजारी हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र. भावाला थांबायला सांगितलंय. मुंबईत सेलेनियमसाठी माती कुणी तपासून घेतली आहे का?