उत्तर: उत्तर: शनिवारचं मनःस्वास्थ्य सत्र – नावं टाका!!

प्रेषक: सचिव

मंडळी, शनिवारी मनःस्वास्थ्यावर बोलायला बाहेरून समुपदेशक बाई येतायत, आणि नावनोंदणीचा तक्ता अजून जवळजवळ कोरा आहे. दोनच नावं दिसतायत, एक माझं आणि एक अध्यक्षांचं, आणि अध्यक्षांनी आपण गावात नसल्याचं कालच कळवलंय. हॉलवाल्यांना गुरुवारपर्यंत आकडा द्यायचाय, नाहीतर आपल्याला मागची छोटी खोली मिळेल. तिथे गेल्या वेळी काय झालं ते सर्वांना आठवत असेलच. टॅक्सच्या सत्राला रात्रीतून यादी भरली होती. आताच काय झालं?

प्रेषक: ग्रंथालयवाली ताई

सचिव, तो तक्ता एकदा सदस्याच्या नजरेने उघडून बघा. पहिला रकाना नाव, दुसरा फोन, तिसरा 'आपला प्रश्न'. आणि हे सगळं यादीवरच्या प्रत्येकाला दिसतं. 'पहाटे तीनला जाग येते आणि उगाच रडू येतं' असं आपल्या फोन नंबरशेजारी कोण लिहील? लोकांना यायचंय. मला दोघांनी वेगळे फोन करून विचारलंय. फक्त आकडा विचारणारा निनावी फॉर्म करा.

प्रेषक: खजिनदार

निनावी चालणार नाही. नाटकाला निनावी आकड्यावर खुर्च्या मागवल्या होत्या, त्याचं काय झालं ते हिशेबात आहे. शिवाय दारावर नावांची यादी लागते. हा नियम हॉलचा आहे, माझा नव्हे. आणि इतकं लपवायचं काय त्यात? आपण लपवतो म्हणूनच लोकांना ते लाजिरवाणं वाटतं. उघड नावं लिहिली की आपोआप भीड चेपेल.

प्रेषक: ग्रंथालयवाली ताई

मग सुरुवात तुमच्यापासून करू. तुमचं नाव दिसलं नाही तक्त्यात.

प्रेषक: खजिनदार

मला गरज नाही म्हणून नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष

वाद घालू नका. मूळ मुद्दा असा की बाहेरून माणूस बोलवायचाच कशाला? आमच्या काळात कुणाचं बिनसलं की चार जण त्याच्या घरी जाऊन बसत, गप्पा होत, माणूस मोकळा होई. आणि आता तर आपल्या वहिनी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. घरच्या माणसाशी बोलायला लाज कसली? मंडळासाठी त्या आनंदाने वेळ देतील.

प्रेषक: वहिनी

दादा, वेळेचा प्रश्न नाही. मी मंडळातल्या कुणाचेही उपचार करत नाही, आणि यापुढेही करणार नाही. आमच्या व्यवसायाचा संकेतच तसा आहे. ज्याच्याबरोबर मी कार्यकारिणीत भांडते, त्याला माझ्यासमोर आपल्या लग्नाबद्दल खरं बोलता येईल का? आणि मला तरी ते नितळपणे ऐकता येईल?

घरी जाऊन बसणारी माणसं हवीतच, त्यांची जागा आम्ही घेऊ शकत नाही. पण त्या चौघांपैकी एकाच्या तोंडून बाहेर गेलं की पुढचा माणूस गप्प बसतो. आमच्याकडे आलेलं आम्ही बाहेर बोलत नाही. अपवाद मोजके: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाने मागितलं तर. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगायचे असतात. नाही सांगितले तर खुशाल विचारा. रस्त्यात क्लायंट दिसला तर मी आधी ओळखही दाखवत नाही. त्याने हाक मारली तरच. माझ्या सासूबाईंना वाटतं मी शिष्ट आहे.

जाता जाता: मी मानसशास्त्रज्ञ आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. गोळ्या लिहून देत नाही.

प्रेषक: मावशी

गोळ्यांचं निघालंच आहे तर विचारते. एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणे? ओळखीत एकीला दिल्यात, आठवडा झाला, काडीचा फरक नाही. ती बंद करणार म्हणते.

प्रेषक: वहिनी

मावशी, बंद करू देऊ नका, आधी तिच्या डॉक्टरांना फोन करायला सांगा. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. त्रास मात्र कधीकधी आधी जाणवतो, म्हणून माणसं मध्येच सोडतात. काही झोपेच्या आणि तातडीने शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, ते वेगळं औषध. नैराश्याच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड होऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

प्रेषक: नेपथ्य (गेल्या वर्षीचा)

दादांच्या 'चार जण येऊन बसत' वर लिहितोय. मी जातो थेरपीला. तालमींना मंगळवारी उशिरा यायचो ते ऑफिसमुळे नाही. छातीत धडधड, हातांना मुंग्या, आता मरतोय असं वाटून दवाखान्यात पळालो होतो. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, घरी पाठवलं. पॅनिक अटॅक होता. चार जण आले असते तर म्हणाले असते, टेन्शन घेऊ नकोस.

पहिल्या थेरपिस्टशी जमलं नाही, दुसरीकडे गेलो. ती वहीत रकाने पाडायला लावते: काय घडलं, मनात काय आलं, त्यावर किती टक्के विश्वास, उलट पुरावा काय. ॲरन बेक नावाच्या डॉक्टरांनी 1960च्या दशकात उभी केलेली ही पद्धत आहे म्हणे. माझी एक नोंद: 'दिग्दर्शक नुसतं हं म्हणाले. म्हणजे मला काढणार. 90 टक्के.' उलट पुरावा: 'ते सगळ्यांनाच हं म्हणतात.' खाली उरलेला विश्वास 40 टक्के. हसू येतं वाचून, पण तेव्हा येत नव्हतं.

आणि हो, हे मी इथे आपणहून लिहिलंय. तक्त्यात लिहायला लावलं असतं तर कधीच लिहिलं नसतं.

प्रेषक: दिग्दर्शक

हं.

(गंमत केली. शनिवारी मी येतोय. पण दुसऱ्या अंकातला दरवाजा उलटा लागला होता तोही मंगळवारच होता का?)

प्रेषक: नेपथ्य (गेल्या वर्षीचा)

तो दरवाजा प्रकाशयोजनावाल्यांनी हलवला होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

प्रेषक: ग्रंथालयवाली ताई

दरवाजा नंतर. मी हॉलला फोन केला. त्यांना नावं नकोत, फक्त डोकी किती ते हवंय, आगीच्या नियमामुळे. तेव्हा सचिव, तक्ता काढून टाका आणि एकाच प्रश्नाचा फॉर्म पाठवा: किती जण येणार. प्रश्नांसाठी दाराशी ग्रंथालयाची बंद पेटी ठेवते. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, समुपदेशक बाई स्वतः उघडून वाचतील. आणि मागची रांग सोडून बसा असं कुणी माइकवर सांगू नका. ज्याला मागे बसायचंय त्याला बसू द्या.

प्रेषक: सचिव

फॉर्म पाठवला. तक्ता काढला. दहा मिनिटांत नऊ डोकी. मुलांना सांभाळायला कोण आहे?

प्रेषक: खजिनदार

नियम अलीकडे बदलला असणार. असो. खुर्च्यांचं मी बघतो, आकडा परस्पर मला कळवा. मात्र मंडळाच्या कुठल्याही पेटीची किल्ली खजिनदाराकडे राहते, ही आपली पद्धत आहे.

प्रेषक: ग्रंथालयवाली ताई

या पेटीची नाही.