महासाथीतील मदतीचा पैसा कोणाच्या खिशातून आला?

मूळ लेख

२६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने १.७० लाख कोटी रुपयांची प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर केली. सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो मोफत धान्य आणि जनधन खातेधारक महिलांना तीन महिने ५०० रुपये, हा तिचा गाभा होता. ही मदत आवश्यकच होती; माझा आक्षेप तिच्यासाठी पैसा कसा उभा राहिला, याला आहे.

मार्च आणि मे २०२० मधील दोन वाढींनी केंद्रीय उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १३ रुपयांनी आणि डिझेलवर १६ रुपयांनी चढले. टाळेबंदीमुळे खप घटूनही या शुल्काची वसुली २०१९-२० मधील सुमारे २.२३ लाख कोटींवरून पुढल्या वर्षी सुमारे ३.७३ लाख कोटींवर गेली. म्हणजे वाढीव वसुली गरीब कल्याणाच्या मूळ रकमेच्या जवळपास पोहोचली. भाजीचा टेम्पो चालवणारा आणि डिझेल इंजिनावर शेत भिजवणारा यांचे उत्पन्न बुडालेले असताना त्यांच्याकडूनच हा पैसा घेतला गेला. उलट सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांना दिलेली करकपात, जिच्यामुळे वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असा सरकारचाच अंदाज होता, तिला महासाथीतही हात लावला गेला नाही.

प्रतिसाद १

आपली आकडेवारी मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. मदतीचा मोठा भार इंधनावर नव्हे, कर्जावर पडला. ८ मे २०२० रोजी केंद्राने बाजारातून घ्यायच्या कर्जाचा अंदाज ७.८ लाख कोटींवरून १२ लाख कोटींवर नेला आणि सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.५ टक्के ठरवलेली वित्तीय तूट (खर्च आणि कर्जाविना उत्पन्न यांतील अंतर) त्या वर्षअखेर ९.२ टक्क्यांवर पोहोचली. यापेक्षा अधिक कर्ज काढावे म्हणणाऱ्यांनी व्याजाचाही विचार करावा, कारण ते पुढील प्रत्येक अर्थसंकल्पातून शाळा, दवाखाने आणि रस्त्यांच्या आधी फेडावे लागते.

शिवाय शुल्क वाढले तेव्हा कच्च्या तेलाचे भाव कोसळलेले होते. स्वस्ताईचा तो लाभ ग्राहकाला न देता सरकारने घेतला, हे खरे आहे. पण तिजोरी आटत असताना तो सोडून देणे कोणत्याही अर्थमंत्र्याला परवडले नसते. महाराष्ट्रानेही १ जून २०२० पासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवलेच.

प्रतिसाद २

राज्याने ते दोन रुपये का वाढवले, हेही पाहिले पाहिजे. मे महिन्यातील केंद्राची संपूर्ण वाढ उपकर (ठरावीक कामासाठीचा जादा कर) आणि विशेष अतिरिक्त शुल्काच्या रूपात होती आणि या दोन्हींत राज्यांना वाटा मिळत नाही. रुग्णालये, विलगीकरण केंद्रे आणि स्थलांतरित मजुरांचे जेवण यांचा भार मात्र राज्यांवर होता. वस्तू व सेवा कर (जीएसटी) स्वीकारताना महसुलात वर्षाला १४ टक्के वाढ गृहीत धरून तूट पडल्यास पाच वर्षे भरपाई देण्याचे वचन राज्यांना मिळाले होते. त्या भरपाईला पैसा कमी पडल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्यापुढे कर्जाचे दोन पर्याय ठेवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये केंद्राने राज्यांच्या वतीने १.१० लाख कोटी उचलण्याचे मान्य केले, परंतु ती रक्कम राज्यांना कर्ज म्हणूनच दिली गेली आणि तिच्या फेडीसाठी या भरपाईकरिता लावलेल्या उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

दरम्यान महाराष्ट्राने ४ मे २०२० रोजी विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला. त्या वर्षी जी कामे निघालीच नाहीत, त्यांची किंमत कोणत्याही मदतयोजनेच्या हिशेबात धरलेली नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते.

प्रतिसाद ३

धान्याबाबत एवढेच सांगतो की गोदामे भरलेली होती, म्हणून ही मदत तातडीने देता आली. मात्र हे धान्य खरेदी करून साठवणारे भारतीय अन्न महामंडळ त्याआधी अनेक वर्षे लोकांच्या अल्पबचतीतून जमणाऱ्या राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज काढून चालवले जात होते आणि ती रक्कम तुटीत दिसत नव्हती. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही थकबाकी उघडपणे अंगावर घेतली गेली, त्यामुळे २०२०-२१ चा अन्न अनुदानाचा सुधारित अंदाज ४.२२ लाख कोटींवर गेला. त्या वर्षीच्या तुटीचा आकडा वाचताना हा जुना हिशेब वेगळा काढला पाहिजे.

धागालेखकाचे उत्तर

अधिक कर्ज हा माझा आग्रह नाही. संकट येण्यापूर्वीच पैशाचा स्रोत ठरलेला असावा, हे माझे म्हणणे आहे. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला आणि सरकारने त्यात आपला तेवढाच वाटा घालण्याचे ठरवले. ग्रामीण मजुरीचा खर्च नियमित पगार असलेल्यांनी उचलायचा, ही त्यामागची रचना मला आजही न्याय्य वाटते. अशा राखीव निधीत कंपन्यांच्या कराचाही ठरावीक हिस्सा असावा.

प्रतिसाद १

राखीव निधीचा अनुभव संमिश्र आहे. बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकरातून बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे पैसा जमलेला होता, म्हणून एप्रिल २०२० मध्ये राज्यातील बांधकाम कामगारांच्या खात्यात दोन हजार रुपये लवकर पडू शकले, हे मी मान्य करतो. पण ते नोंदणी झालेल्यांनाच मिळाले. नाक्यावर उभा राहणारा, नोंदणी नसलेला मजूर त्या निधीच्या बाहेरच राहिला. आपल्या प्रस्तावात त्याचे नाव यादीत कसे येणार, हे आपण आधी सांगावे; पैशाच्या स्रोतावर मी त्यानंतर सहमत होण्यास तयार आहे.